अर्जंट मदत हवी आहे: 'ग्राउंड'ला मराठीत एकच शब्द सांगा

चिंचोका (दु. १२:१०)
संध्याकाळी सहाला काम द्यायचंय आणि मी एका शब्दावर अडकलेय. 'ग्राउंड'ला मराठीत काय म्हणायचं? एकच शब्द हवा, दोन चालणार नाहीत. जमीन आणि मैदान मला माहीत आहेत, ते सांगू नका. लवकर प्लीज.

पळ_भावा_पळ (१२:१४)
कोणत्या जिल्ह्याचं ग्राउंड? मुलांना १६०० मीटर असतं, २० मार्क. मुलींना ८०० मीटर. मग १०० मीटर आणि गोळा, १५-१५. ताई, गोळ्याची प्रॅक्टिस आत्तापासून करा, सगळे नुसते पळतच बसतात.

चिंचोका (१२:१६)
पोलीस भरती नाही हो! शब्द हवाय, भाषांतरासाठी.

तिसरा_जिना (१२:२१)
ग्राउंड फ्लोर म्हणजे तळमजला, यात अडण्यासारखं काय आहे? फक्त मजकूर अमेरिकेतला असेल तर सांभाळा. आपल्या तळमजल्याला तिकडे पहिला मजला म्हणतात. भाचा म्हणाला दुसऱ्या मजल्यावर राहतो, बहीण गुडघ्याचे पट्टे बांधून दोन जिने चढायच्या तयारीने गेली. एकच निघाला.

काळा_कोट (१२:२५)
कोर्टाचा कागद असेल तर 'अपिलाची कारणे'. आम्ही बोलताना ग्राउंडच म्हणतो, 'तुमच्याकडे ग्राउंड काय आहे?' पण लेखी मराठीत कारणे किंवा आधार. मुदत किती दिवसांची आहे आणि कोणतं कोर्ट, ते सांगा. मुदत टळली असेल तर विलंब माफीचा अर्ज वेगळा लागेल.

चिंचोका (१२:२७)
साहेब, माझी कोर्टात केस नाही. मुदत फक्त सहाची आहे.

शब्दाचा_तळ (१२:३३)
अख्खं वाक्य दिल्याशिवाय कोणी काही सांगू शकणार नाही. पार्श्वभूमीतही ग्राउंड आहे, भूजलातही आहे, भुईमुगाच्या इंग्रजी नावातही आहे. कशाचं भाषांतर आहे?

चिंचोका (१२:४१)
सांगते. कॉफी मशीनची पुस्तिका आहे, ४० पानं. एजन्सीने शब्दांची यादी दिलीय, तिच्यात 'ग्राउंड = जमीन' असं आहे. दुसरं काही लिहिलं की सॉफ्टवेअर लाल खूण करतं. मसुदा आधी मशीनने केलाय, मला फक्त तपासायचाय, त्यामुळे पैसेही निम्मे. मसुद्यातली वाक्यं जशीच्या तशी देते:

'फक्त ताजी जमीन कॉफी वापरा.'
'मैदानांचा डबा दररोज रिकामा करा.'
'हे उपकरण जमिनीवर असणे बंधनकारक आहे.'
'खालील जमिनीवर वॉरंटी नाकारली जाईल.'

हसू नका.

जर्सीकर (१२:४४)
हसलो. सॉरी. आमच्याकडे लेकाला शिक्षा म्हणून आठवडाभर 'ग्राउंड' केलं होतं, म्हणजे शाळा सोडून घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. फोनवर आजीला सांगितलं तर ती म्हणाली, बरं केलंस, मोकळ्या हवेत खेळू दे त्याला.

फेज_न्यूट्रल (१२:५२)
तिसरं वाक्य आत्ताच्या आत्ता काढा. 'जमिनीवर असणे' नाही, त्याला अर्थिंग असलं पाहिजे असं मूळात लिहिलंय. अमेरिकन लोक ज्याला ग्राउंड म्हणतात त्याला आपण अर्थ म्हणतो. तुमचं वाक्य वाचून एखादा मशीन ओट्यावरून काढून फरशीवर ठेवेल आणि प्लगची तिसरी पिन कापून दोन पिनांच्या बोर्डात घुसवेल. धातूची बॉडी, आत पाणी आणि हीटर. लीकेज झालं की बॉडीला करंट, अन् हात लावणारा ओल्या फरशीवर उभा. तीन पिनांतली अर्थची पिन जाड आणि लांब उगीच नसते. प्लग लावताना ती आधी टेकते आणि काढताना शेवटी सुटते.

शब्दाचा_तळ (१२:५८)
अर्थिंग हा मराठी शब्द नाही. शाळेच्या विज्ञानात 'भूसंपर्क तार' आहे. तिथून 'भूसंपर्कित' करता येईल. 'हे उपकरण भूसंपर्कित असावे.'

फेज_न्यूट्रल (१:०३)
वीस वर्षं वायरिंग करतोय. एकाही गिऱ्हाइकाने मला फोन करून भूसंपर्क करून द्या म्हटलेलं नाही. सगळे म्हणतात 'अर्थिंग करून द्या.' वाचणाऱ्याला कळायला नको का?

शब्दाचा_तळ (१:०७)
वापरलाच नाही तर शब्द रुळणार कसा? तळमजलाही कुणीतरी पहिल्यांदा म्हटलाच असेल.

फेज_न्यूट्रल (१:०९)
तळमजला न कळल्यामुळे शॉक बसत नाही.

तिसरा_जिना (१:१५)
आमच्या बिल्डिंगमध्ये अर्थिंगचा खड्डा आहे. कोळसा आणि मीठ भरलंय म्हणतात. त्यात पाणी ओतावं लागतं का? वॉचमन ओतत नाही.

फेज_न्यूट्रल (१:१९)
हो. माती कोरडी पडली की रेझिस्टन्स वाढतो. उन्हाळ्यात तर नक्की ओता. आणि अर्थ नाही म्हणून अर्थची पिन न्यूट्रलला जोडून देणारे महाभाग असतात, तसलं काही करून घेऊ नका. न्यूट्रल तुटला की आख्खी बॉडी लाइव्ह.

चिंचोका (१:२२)
अर्थिंग ठेवते. बाकीचं सांगा! कॉफीचं काय? 'दळलेली' म्हणू का?

पाटा_वरवंटा (१:३४)
दळलेलीच म्हण गं. इंग्रजीत सगळ्याला एकच क्रियापद, आपल्याकडे तसं नाही. कोरडं, बारीक ते दळायचं. कोरडंच पण जाडसर ठेवायचं ते भरडायचं. पाणी घालून पाट्यावर करायचं ते वाटायचं, उखळात घालायचं ते कुटायचं. चटणी दळली म्हणालीस तर सासू घराबाहेर काढेल. पुस्तिकेत दळण्याचे प्रकार दिले असतील ना? बारीकला 'बारीक दळलेली', जाडसरला सरळ 'भरड'. मशीनमध्ये दाणे दळायची सोय आहे की तयार पूडच घालायची?

चिंचोका (१:३८)
दोन्ही. दाण्यांसाठी वेगळं भांडं, तयार पुडीसाठी वेगळं झाकण.

पाटा_वरवंटा (१:४१)
मग झाकणाच्या जागी 'कॉफी पूड' लिही. 'आधी दळून आणलेली कॉफी' वगैरे लांबण कशाला? आणि तो मैदानांचा डबा म्हणजे चोथ्याचा डबा.

शब्दाचा_तळ (१:५०)
इथे एक गंमत आहे. दळलेली कॉफी आणि कॉफीचा चोथा, दोन्हीकडे ग्राउंड असलं तरी शब्द एक नाही. पहिला दळणे या क्रियापदाचं भूतकाळी रूप. दुसरा जुन्या इंग्रजीतल्या 'ग्रुंड'वरून, त्याचा अर्थ तळ. चोथा म्हणजे जे तळाशी बसतं ते. जमीन हा अर्थही त्याच 'ग्रुंड'चा. वकीलसाहेबांची कारणंही तिथलीच, ज्या पायावर दावा उभा तो पाया. जर्मनमध्ये आजही 'ग्रुंड' म्हणजे तळ, जमीन आणि कारणसुद्धा. म्हणजे चार वाक्यांतली तीन एका घरातली, आणि कॉफीची पूड तेवढी परक्या घरची. त्या हिशेबाने चोथ्यापेक्षा 'गाळ' जास्त बरोबर.

पाटा_वरवंटा (१:५६)
गाळ विहिरीत असतो. पिळून, गाळून मागे उरतो तो चोथा. 'गाळाचा डबा' वाचून मी तरी त्या मशीनची कॉफी पिणार नाही.

आप्पा_कुंडीवाले (२:०४)
चोथा टाकून देऊ नका. चहाचा असो वा कॉफीचा, साखर-दूध धुऊन काढा, वाळवा आणि गुलाबाच्या मातीत थोडा मिसळा. धुतला नाही तर मुंग्या होतात.

लाल_माती (२:११)
मैदानाला ग्राउंड म्हणणाऱ्यांनी एकदा कोल्हापुरात या. इथे मैदान म्हणजे नुसती जागा नसते. 'यंदा गावात मैदान आहे' म्हटलं की कुस्त्या आहेत असं समजायचं. मैदान भरतं, मैदान गाजतं. हे इंग्रजीत सांगून दाखवा.

मक्ता_बाकी (२:१७)
आणि गझलवाले वृत्त, काफिया, रदीफ मिळून 'जमीन' म्हणतात. एकाच जमिनीत दोघांनी गझल लिहिली तर सातबारा लागत नाही.

चिंचोका (२:२०)
सगळं छान आहे, पण सॉफ्टवेअरला काय सांगू? 'चोथा' लिहिला तरी लाल, 'दळलेली' लिहिलं तरी लाल. मॅनेजर म्हणते यादीच्या बाहेर जायचं नाही.

पानामागे_रुपये (२:३६)
मी हेच काम करतो. चूक तुमची नाही, यादी करणाऱ्याची आहे. सुटा शब्द यादीत घालायचाच नसतो, जोडीने घालायचा. ग्राउंड वायर, ग्राउंड कॉफी, चोथ्याचा डबा, वॉरंटी नाकारण्याची कारणे अशा चार वेगळ्या नोंदी करा. जिथे लाल येईल तिथे 'खोटी चूक' अशी खूण करून शेरा लिहा. मॅनेजरला लांब पत्र लिहू नका, वाचणार नाही. फक्त तिसरं वाक्य आणि त्याचा खरा अर्थ पाठवा, सोबत एक ओळ: 'हे असंच छापलं आणि कुणाला शॉक बसला तर जबाबदारी कुणाची?' उत्तर लगेच येतं. आणि निम्म्या दरात पूर्ण भाषांतर करताय, पुढच्या वेळी आधी दोन पानं मागून बघा.

शब्दाचा_तळ (२:४०)
शेऱ्यात भूसंपर्कही लिहा. नोंद तरी राहील.

चिंचोका (५:४८)
मॅनेजरचं उत्तर चार मिनिटांत आलं. चारही नोंदी मंजूर. अर्थिंगच ठेवलंय, पण पहिल्यांदा जिथे येतं तिथे 'अर्थिंग म्हणजे भूसंपर्क' असं लिहिलं, दोघांनीही आता भांडू नका. फाइल पाठवायच्या आधी शेवटचं म्हणून 'मैदान' शोधलं. २७व्या पानावर एक सापडलंच: 'मैदाने ओली असल्यास ती चमच्याने खरवडून काढा.' पाठवली एकदाची.

पळ_भावा_पळ (६:२०)
ओलं मैदान असेल तर ग्राउंड पुढे ढकलतात ताई, आमचं दोनदा ढकललं होतं. हॉल तिकीट जपून ठेवा.