बिल्ला, बॅज, बक्कल, चपरास, पदक : कुठे कोणता शब्द?

प्रश्न
संमेलनाच्या स्वयंसेवकांसाठी सूचनापत्र तयार होत आहे. ‘बॅज’साठी मसुद्यात एकाने ‘पदक’ लिहिलंय, दुसऱ्याने ‘मानचिन्ह’, तिसऱ्याने ‘बोधचिन्ह’. बरोबर कोणतं? ‘बिल्ला’ हलका वाटतो का?

प्रतिसाद १
‘बिल्ला’च लिहा. शब्दापुढे क्रियापद ठेवून बघा, फरक लगेच कळतो. पदक मिळतं, पटकावतात, प्रदान करतात. बिल्ला लावतात आणि काम संपलं की जमा करतात. पदक कोणी परत मागत नाही. मानचिन्ह शाल-श्रीफळाबरोबर हातात देतात. बोधचिन्ह ही नुसती आकृती, ती बिल्ल्यावरही छापता येते आणि कमानीवरही. म्हणून वाक्य असं होईल: ‘स्वयंसेवकांनी संमेलनाचे बोधचिन्ह असलेला बिल्ला छातीवर डाव्या बाजूस लावावा.’

हलकेपणाचं म्हणाल तर एसटीच्या भरतीत ‘वाहक परवाना व बिल्ला’ असंच मागतात. रेल्वे स्टेशनवरच्या हमालाच्या दंडावरचा पितळी नंबर तोही बिल्लाच. त्या नंबरावरून माणूस जबाबदार धरता येतो. यात हलकं काही नाही.

प्रतिसाद २
एक अपवाद. रिक्षा-टॅक्सीवाल्यांच्या बोलण्यातला ‘बॅज’ तसाच ठेवावा. ‘बॅज आहे का?’ म्हणजे प्रवासी वाहन चालवायची आरटीओची परवानगी आहे का. धातूचा तुकडा तिथे दुय्यम. ‘बिल्ला’ केलं तर वाक्य तुकड्यापुरतं उरतं.

प्रतिसाद ३
‘चपरास’ राहिलीच. कचेरीचं नाव कोरलेली, पट्ट्यावर बसवलेली पितळी पाटी म्हणजे चपरास. ती बाळगणारा तो चपराशी. फारसी ‘चप-ओ-रास्त’, म्हणजे डावं-उजवं, यावरून शब्द आल्याचं सांगतात, पण १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात मूळ अर्थ ‘बक्कल’ असल्याचं मतही नोंदलं आहे. मुंबई इलाख्यात याच माणसाला पट्टेवाला म्हणत.

आता पोलिसांचा ‘बक्कल नंबर’ बघा. इंग्रजी बकलचं मराठीत बक्कल झालं आणि शिपायाच्या ओळखीच्या क्रमांकाला तेच नाव चिकटलं. चपरासबद्दलचं ते मत खरं असेल तर बक्कल या अर्थाचा शब्द ओळखखूण होण्याची ही दुसरी खेप. पट्टेवाला, चपरास, बक्कल, तिन्ही कमरेपाशीच जमतात. भाषांतरात ‘बक्कल नंबर’चा ‘बिल्ला क्रमांक’ करू नये. कागदोपत्री तो रूढ शब्द आहे.

प्रतिसाद ४
गावाकडे आज ‘बिल्ला’ सर्वांत जास्त गोठ्यात ऐकू येतो. गायी-म्हशींच्या कानातला पिवळा, १२ अंकी टॅग म्हणजे बिल्ला, आणि क्रियापद ‘मारणे’: ‘बिल्ला मारला का?’ १ जून २०२४ पासून महाराष्ट्रात त्याशिवाय जनावरांची खरेदी-विक्री करता येत नाही, त्यामुळे शब्द बाजारातही पोचला. बिल्ल्याचे भाग दोन: टोकदार खिळ्याचा आणि भोकाचा. कानाच्या मधोमध, दोन ठळक शिरांच्या मधल्या जागेत, जंतुनाशक लावून मारतात. शिरेवर बसला तर रक्त येतं. कानाच्या टोकाकडे मारला तर फांदीत किंवा दाव्यात अडकून कान फाटतो आणि नंबरही जातो.

प्रतिसाद ५
शब्द ठरला, आता बिल्ला छापताना घ्यायची काळजी. ५८ मिमीच्या गोल बिल्ल्याला कागद साधारण ७० मिमी व्यासाचा कापतात, कारण कड मागे वळते. मजकूर मधल्या ५० मिमीत बसवा. देवनागरीत कडेवर आधी वेलांटी, रफार आणि उकार जातात. ‘स्वयंसेवक’ वाचता येतं, पण ‘पूर्व विभाग’मधला रफार गायब होतो. कागद ८० ते १०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला तितक्या ग्रॅमचा) घ्या, जाड कागदाने कड नीट दुमडत नाही. यंत्रात आधी पत्र्याची टोपी, कागद आणि वरची पारदर्शक फिल्म दाबायची, मग पिनेची चकती. दुसऱ्या दाबाआधी पीन अक्षरांच्या ओळीला समांतर आहे ना हे बघा, नाहीतर छातीवर ‘स्वयंसेवक’ तिरका लागतो. आणि सूचनापत्रात अनेकवचन ‘बिल्ले’, सामान्यरूप ‘बिल्ल्या-’: ‘बिल्ल्यावर’, ‘बिल्ल्यांसह’. ‘बिल्लावर’ नको.