अनुभव धागा : क्षयरोगाचे पहिले लक्षण कसे ओळखू आले?

आपल्या नाशिक जिल्ह्यात खोकल्याला कारणांचा तोटा नाही. द्राक्षबागेतील फवारणी, मालेगावच्या यंत्रमागांची धूळ, विडी, डिसेंबरची थंडी, यांपैकी काहीतरी नेहमी हाताशी असते आणि दोन आठवड्यांहून अधिक टिकलेल्या खोकल्यासाठी थुंकी तपासावी, हा साधा नियम मागे पडतो. ज्यांच्या घरी हा आजार होऊन गेला, त्यांनी पहिले लक्षण कोणते दिसले, ते कशावर ढकलले गेले आणि निदान कशाने झाले, एवढे लिहावे. औषधांच्या मात्रा मात्र येथे विचारू नयेत.

निफाड तालुका
वडिलांचा खोकला ऑक्टोबर छाटणीनंतर सुरू झाला आणि त्या दिवसांत फवारणी चालूच असल्यामुळे औषध बाधले असावे, असे शेजारच्या मळ्यापर्यंत सर्वांचे मत पडले. आईला शंका आली ती तापामुळे. सकाळी अंग गार, दिवसभर बागेत हिंडणे व्यवस्थित आणि दिवेलागणीला कणकण ठरलेली. रात्री बंडी घामाने पिळून काढावी इतकी भिजत असे. आरोग्य केंद्रात दिलेल्या डबीत पहिल्या वेळी निव्वळ लाळ आली, म्हणून ती परत केली गेली. चूळ भरून, खोल श्वास घेऊन, छातीतून खाकरून बेडका कसा काढायचा हे तेथील तंत्रज्ञाने दाखवले, तेव्हा कुठे योग्य नमुना मिळाला. सीबीनॅट चाचणीत (थुंकीतील जंतूंची जनुके शोधणाऱ्या यंत्रावरील तपासणीत) क्षयाचे जंतू आढळले आणि रिफाम्पिसिन हे औषध त्यांच्यावर चालेल, हेही त्याच चाचणीतून कळले. थुंकीतून रक्त एकदाही पडले नव्हते.

सिडको, नाशिक
माझ्या बहिणीला खोकला अजिबात नव्हता. मानेच्या एका बाजूला गाठ आली, ती दुखत नव्हती, तरी दाताचे दुखणे समजून एका दवाखान्यात प्रतिजैविके देण्यात आली आणि त्यांचा उपयोग झाला नाही. सुईने गाठीतील पेशी काढून तपासल्यावर निदान झाले. केवळ गाठीचा क्षय श्वासावाटे पसरत नसतानाही नातेवाइकांनी तिचे ताट वेगळे ठेवले, याचे वाईट वाटते. फुप्फुसाच्या क्षयातही ताट वेगळे ठेवून काही साधत नाही, कारण तो हवेतून पसरतो.

मालेगाव
मागावर काम करणारे काका. वजन उतरले, विजार सैल झाली. छातीचा एक्स-रे काढला आणि त्यावरून पुढची थुंकीची तपासणी झाली.

नाशिकरोड
सासूबाईंना मधुमेह आहे. भूक मेली आणि वजन घटले, तेव्हा आम्ही सर्वांनी साखरेकडे बोट दाखवले. मधुमेहींना क्षयाचा धोका अधिक असतो, त्यामुळे साखर आटोक्यात असूनही वजन का उतरते, हा प्रश्न डॉक्टरांनी लावून धरला, हे बरे झाले.

पेठ तालुका, आशा कार्यकर्ती
लहान मुलांना थुंकी काढता येत नाही, म्हणून घरात रुग्ण असेल तर मी मुलाचे वजन पाहते. ते वाढत नसेल किंवा ताप रेंगाळत असेल तर तपासणीला पाठवते. उपचार सुरू झाल्यावर लघवी नारिंगी दिसते आणि माणसे घाबरून गोळ्या बंद करतात. तो रंग रिफाम्पिसिनचा असतो, हे मी पहिल्याच दिवशी सांगते. साधारण सहा महिन्यांचा उपचार असतो, पण ताप आणि खोकला त्याच्या कितीतरी आधी जातो, आणि द्राक्षांच्या कामाला खाली उतरणारी कुटुंबे नेमकी तेव्हाच गोळ्या घरी विसरतात. म्हणून निघण्यापूर्वी कोणत्या गावी जाणार हे विचारून तिकडच्या केंद्राला कळवावे लागते.