[मंडळ] रविवार: तळ्याकाठून फेनवेपर्यंत

प्रेषक: निखिल (नेटिक)

मंडळी, नमस्कार.

या रविवारी दुपारी दीडच्या सुमाराला बॉस्टनच्या फेनवे मैदानावर बेसबॉलची मॅच आहे, रेड सॉक्स विरुद्ध बाल्टिमोर. आम्ही दोघं नक्की जातोय, आणखी कोणी येणार असेल तर कळवा. तिकिटं ज्याची त्याने काढायची. मंडळाच्या खात्यातून एक डॉलरही जाणार नाही, खजिनदारांनी निश्चिंत असावं.

नुसती मॅच नाही, आधी चालायचंही आहे. रिव्हरसाइडला गाड्या लावू, डी लाइनच्या ट्रेनने ब्रुकलाइन व्हिलेजला उतरू, तिथून जमैका पाँड. तळ्याला दीड मैलाची फेरी मारून परत लेव्हरेट पाँड आणि रिव्हरवेच्या कडेकडेने थेट मैदानावर. एकूण पाचेक मैल, जवळजवळ सगळे झाडांखालून. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी लाँगवूडला उतरून शेवटच्या टप्प्यात सामील व्हावं. फेनवेच्या आसपास गाडी लावायचा विचारही करू नका, मॅचच्या दिवशी तिकिटापेक्षा पार्किंग महाग पडायचं.

तळ्यावर सकाळी साडेनऊ.

निखिल

---

प्रेषक: मेघना (ॲशलँड)

चालायला येते, मॅचचं बघू.

निखिल, मागे तू नेलं होतंस तेव्हा एक माणूस टोपी सारखी करत होता, दुसरा बॅटने बुटांची माती झाडत होता, आणि तू दर पाच मिनिटांनी म्हणत होतास, "आता बघ हं." मी बघत होते. काही होत नव्हतं. शिवाय रविवारी सहाला ढोल-ताशाची तालीम आहे आणि गणपती तोंडावर आलेत. ताशाची मुलं मॅचला बसली तर मी कोणाला वाजवायला लावू?

आणखी एक. बाबा सांगलीहून आलेत. क्रिकेट त्यांच्या नसानसांत आहे. त्यांना बेसबॉल दाखवायचा म्हणजे त्यांचा रविवार फुकट जाईल अशी भीती वाटते. श्रीकांतकाका, तुम्हीच खरं काय ते सांगा. निखिलवर माझा विश्वास नाही.

मेघना

---

प्रेषक: निखिल

टोपी सारखी करणं आता बंद झालंय! २०२३ पासून पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) घड्याळ लावलंय, बेस (पळून गाठायचे थांबे) रिकामे असतील तर १५ सेकंदांत चेंडू टाकायचा. आधी मॅच तीन तासांच्या वर जायची, ती एकदम २ तास ४० मिनिटांच्या आसपास आली. सहाची तालीम आरामात गाठता येईल.

---

प्रेषक: श्रीकांतकाका (वॉलथॅम)

मेघना, बाबांना अवश्य आण. क्रिकेट कळणाऱ्याला बेसबॉल लवकर कळतो, फक्त काही गोष्टी मनातून काढाव्या लागतात.

चेंडू टप्पा न पडता येतो. पायचीत नाही. उलट चेंडू अंगावर आदळला तर बॅटरला पहिला बेस बक्षीस मिळतो, हे ऐकून बाबा खूश होतील. बॅट गोल, त्यामुळे खेळपट्टीवर नांगर टाकून बसणं जमत नाही. चेंडू दोन रेषांच्या आत गेला की पळायलाच हवं, "नको नको" म्हणून परत फिरायची सोय नाही. आणि स्क्वेअर कट, लेट कट, लेग ग्लान्स हे आपले सगळे देखणे फटके इथे फाऊल, म्हणजे रेषांबाहेर. मला पहिल्या वर्षी याचंच सगळ्यात वाईट वाटलं होतं.

पण फाऊलमध्येच खरी गंमत आहे. तीन स्ट्राइक (चुकवलेला, सोडलेला चांगला किंवा फाऊल गेलेला चेंडू) झाले की बाद, मात्र दोन स्ट्राइकनंतर फाऊल मारला तर तो मोजत नाहीत (बंट, म्हणजे बॅट नुसती आडवी धरून चेंडू हळू ढकलायला गेला तर मोजतात, ते जाऊ दे). त्यामुळे चिवट बॅटर नको असलेले चेंडू एकामागून एक कडेला ढकलत राहतो, पिचरला दमवतो आणि हवा तो चेंडू यायची वाट बघतो. पिचर वेग बदलतो, कोपरा बदलतो, मध्येच एखादा मातीत घालतो. चेंडू मैदानात जातच नाही, धावफलक हलत नाही, आणि मॅच मात्र तिथेच फिरलेली असते. मेघना, तुला "काही होत नव्हतं" असं वाटलं ना, बहुधा तेव्हा हेच चाललं होतं. निखिलने "आता बघ हं" म्हणण्याऐवजी काय बघायचं ते सांगायला हवं होतं.

मी वही आणि दोन पेन्सिली आणतो. बाबांनी माझ्याशेजारी बसून लिहावं. क्षेत्ररक्षकांना आकडे असतात: पिचर १, कॅचर (आपला यष्टिरक्षक) २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला) ६ आणि मागचे तिघे डावीकडून उजवीकडे ७, ८, ९. वहीत ६-४-३ लिहिलं की समजायचं, शॉर्टस्टॉपने चेंडू उचलून दुसऱ्या बेसला दिला, तिथून पहिल्याला गेला आणि एका फटक्यात दोघे बाद. स्ट्राइकआउटला इंग्रजी के, आणि बॅट न हलवता नुसता बघत बाद झाला तर तोच के उलटा काढायचा. ही नोंदींची पद्धत रुजवण्यात हेन्री चॅडविकचा मोठा वाटा. तो जन्माने इंग्लिश, आधी क्रिकेटच्या बातम्या लिहायचा. बॉस्टनचा पहिला व्यावसायिक संघ १८७१ मध्ये उभा करणारा हॅरी राइटही मुळात पगारी क्रिकेटपटू. (तो संघ वेगळा, रेड सॉक्स १९०१ चे.) तेव्हा बाबांना परकं वाटायचं कारण नाही.

डावीकडची हिरवी भिंत त्यांना पहिल्याच इनिंगमध्ये दाखवा. मैदान १९१२ चं, चहूबाजूंनी रस्ते, जागा अपुरी, म्हणून ती बाजू होम प्लेटपासून (बॅटर उभा राहतो तिथून) जेमतेम ३१० फुटांवर आणि भिंत ३७ फूट उंच. दुसऱ्या कुठल्याही मैदानावर आरामात झेल गेला असता असा उंच चेंडू इथे भिंतीला लागतो आणि बॅटर दुसऱ्या बेसवर उभा राहतो. सपाट, खणखणीत फटका, जो दुसरीकडे होमरन (आपला षटकार) झाला असता, तो भिंतीवर आपटून परत येतो आणि एका बेसवर समाधान मानावं लागतं. हा न्याय की अन्याय यावर मी इथल्या लोकांशी वर्षानुवर्षं वाद घालतोय.

भिंतीतला धावफलक अजून माणसं आत उभी राहून हाताने बदलतात. आणि उजवीकडे हिरव्या बाकांमध्ये एकच लाल खुर्ची आहे, ती शोधायला मुलांना सांगा. १९४६ मध्ये टेड विल्यम्सचा होमरन तिथे, ५०२ फुटांवर, एका प्रेक्षकाच्या गवती हॅटला भोक पाडून गेला.

२००४ च्या ऑक्टोबरबद्दल, रेड सॉक्स ८६ वर्षांनी विजेते झाले त्याबद्दल, लिहीत नाही, मेल संपायची नाही.

तिकीट काढताना एवढंच बघा, जागा खांबाआड तर नाही ना. निळ्या लाकडी खुर्च्या १९३४ च्या आहेत, माणसं तेव्हा बारीक असावीत.

श्रीकांत

---

प्रेषक: हेमाताई (ब्रुकलाइन)

मी तळ्यावर दडपे पोहे आणते. कांदा-काकडी वेगळी ठेवते, पाणी सुटतं. कागदी ताटल्या कोणीतरी आणा. मैदानात पिशव्यांच्या मापाचे नियम कडक आहेत, तेव्हा डबे तिथे न्यायचे नाहीत, तळ्यावरच संपवायचे.

वाट काढताय तर मॅचच्या आधी मैदानाजवळच्या फेन्स बागेतल्या व्हिक्टरी गार्डन्समधूनही जाऊ या. १९४२ मध्ये, युद्धाच्या काळात, लोकांनी भाजीपाला लावावा म्हणून ते वाफे पाडले, ते अजून आहेत. कोणी टोमॅटो, कोणी गुलाब, कोणी नुसतीच खुर्ची टाकून बसलेलं. मी माझा आळू बाल्कनीतल्या कुंडीत लावते, पण तिथली माती बघितली की हेवा वाटतो. ही बागांची माळ ज्याने आखली त्या ओल्मस्टेडने फेन्सचं काम घेतलं ते पुराचं पाणी आणि सांडपाणी आवरायला. वास येणाऱ्या दलदलीचं त्याने काय करून ठेवलंय बघा.

आणि हो, बेसबॉलच्या चेंडूला १०८ टाके असतात म्हणे. मॅच कंटाळवाणी झाली तर जप करता येईल.

हेमा

---

प्रेषक: मेघना (सोमवार)

हे बाबा लिहितायत, मी फक्त पाठवतेय.

सर्वांस सप्रेम नमस्कार.

काल आपण सगळ्यांनी मला सांभाळून घेतलंत. चालणं झेपलं. लेव्हरेट तळ्यात ओंडक्यावर कासवं ओळीने ऊन खात बसली होती, त्यांच्यापुढून मला हलवायला निखिलरावांना बरेच कष्ट पडले. तिथल्या मडी नदीचा एक भाग पूर्वी पाइपात घालून वर पार्किंग केलं होतं आणि आता तो पुन्हा उघडा केलाय, हे हेमाताईंनी दाखवलं. आमच्याकडे कृष्णेचं पाणी घरात येतं तेव्हा सगळे नदीला नावं ठेवतात. नदीला तिची जागा परत देणारं गाव मी पहिल्यांदा पाहिलं.

मॅचबद्दल. पहिल्या दोन इनिंग मी गप्प होतो. तिसऱ्या इनिंगला श्रीकांतरावांनी पेन्सिल हातात दिली आणि मग मान वर करायला वेळ मिळाला नाही. ६-४-३ मी स्वतः लिहिला. फाऊल गेलेला चेंडू एका मुलीने झेलला आणि तो तिलाच ठेवू दिला, ही रीत मला फार आवडली. आमच्या वेळी चेंडू विहिरीत गेला तरी खेळ थांबवून काढायचो. आठव्या इनिंगच्या मध्ये सगळं मैदान उभं राहून गाऊ लागलं. मला वाटलं राष्ट्रगीत, म्हणून मीही ताठ उभा राहिलो. मेघना अजून हसतेय.

भिंतीच्या बाबतीत मी श्रीकांतरावांच्या विरुद्ध आहे. मैदान जसं आहे तसं खेळायचं, तक्रार कसली?

एक शंका राहिली. सातव्या इनिंगला बाल्टिमोरच्या खेळाडूने तिसरा स्ट्राइक चुकवला, पंचांनी हात केला, म्हणजे तो बाद. तरी तो पहिल्या बेसकडे पळत सुटला आणि पोहोचला! मी वहीत के लिहून बसलो होतो. हे काय होतं?

---

प्रेषक: श्रीकांतकाका

उत्तम शंका. कॅचरच्या हातून चेंडू निसटला होता आणि पहिला बेस रिकामा होता. तिसरा स्ट्राइक कॅचरने नीट पकडला नाही आणि पहिला बेस रिकामा असेल (किंवा दोघे आधीच बाद झालेले असतील) तर बॅटरला पळायची मुभा असते. चेंडू त्याच्याआधी पहिल्या बेसवर पोहोचला किंवा वाटेत त्याला चेंडू लावला तरच तो बाद. तुमचा के बरोबर आहे, खोडू नका. पिचरच्या खात्यात स्ट्राइकआउट जमा होतो आणि माणूस बेसवर उभा असतो. त्यामुळे एका इनिंगमध्ये चार स्ट्राइकआउटही होऊ शकतात, आणि झालेतही.

भिंतीबद्दल समोरासमोर बोलू. बुधवारी संध्याकाळी मोकळे असाल तर घरी या, मक्याची कणसं आणली आहेत.

मेघना, ताशाची मुलं वेळेवर पोहोचली का?

---

प्रेषक: मेघना

पोहोचली. गळे मात्र बसले होते.