योंगलं गोंगची भित्तिचित्रं: नक्कल नव्हे, मूळच

काहींना वाटतं की चीनच्या शान्शी प्रांतातल्या योंगलं गोंग या ताओ मंदिराची भित्तिचित्रं मंदिर हलवल्यावर नव्याने रंगवली. तसं नाही. सान्मन्शिया धरणाच्या पाण्याखाली मूळ जागा जाणार म्हणून १९५९ पासून मंदिर रुइछंगला हलवलं, तेव्हा चित्रं मातीच्या गिलाव्यासकट करवतीने कापून काढली, मागची माती तासून पातळ केली आणि लाकडी चौकटींवर बसवली. सांधे चेहऱ्यांवरून जाऊ नयेत, हे त्यात सर्वांत नाजूक काम.

मंदिराच्या त्रिशुद्ध दालनातलं, म्हणजे ताओ पंथाच्या तीन सर्वोच्च देवांच्या दालनातलं, देवसभेचं चित्र १३२५ चं, उंची सव्वाचार मीटरच्या वर. त्यातल्या देवांचे मुकुट जवळून पाहा: आधी भुकटीच्या लगद्याची उठावदार रेघ, मग तिच्यावर सोन्याचा वर्ख. म्हणूनच तिरप्या उजेडात ते उठून दिसतात. समोरून फ्लॅश मारलेल्या फोटोत हा उठाव सपाट होतो.