मदत हवी आहे: गीझरचं पाणी तापायला फार वेळ लागतोय

नमस्कार मंडळी. आमचा गीझर १५ लिटरचा, २००० वॅटचा. २५ अंशांचं पाणी ६० वर जायला १८-२० मिनिटं पुरायला हवीत, पण आता पाऊण तास लागतो. पाणी बोअरचं, चांगलंच जड. बादलीलाही पांढरा थर बसतो. तापताना आतून तडतड आवाज येतो, म्हणून कॉइलवर क्षार साचल्याचा संशय आहे. पण सकाळी व्होल्टेजही पडतं, आणि २३० चं १८० झालं तर २००० वॅटचे जेमतेम १२०० उरतात. नेमकं कारण कसं ओळखायचं? कॉइल काढून साफ करावी की सरळ बदलावी? सोबत मॅग्नेशियमचा ॲनोड रॉडही (टाकी गंजू नये म्हणून आत बसवलेली कांडी) बदलावा का? सासूबाईंना पहाटे आंघोळीला कडक पाणी लागतं, थंडीत त्यांचे फार हाल होतात. जाणकारांनी कृपया सांगा.