मदत हवी आहे: रेशमावर मंजिष्ठाच्या मुळांचा लाल रंग मळकट येतोय

नमस्कार मंडळी. मी बेळगावात वडगावला राहते. हात मूळचा जलरंगाचा, रेशमाला वर्षभरच झालं हात लावून. आमच्या गल्लीत माग अजून खटखटतात, पण रंगाचं विचारायला गेले तर पाकिटातला रंग घे म्हणतात!

कापडाच्या वजनाच्या १५ टक्के तुरटीत रात्रभर भिजवते, मग मंजिष्ठात तासभर, बोट जेमतेम सोसेल इतक्याच ऊबेवर. फार तापलं की तपकिरी उतरतं, हे एक स्टोल वाया घालवून शिकले. तरीही विहिरीच्या पाण्यात रंग विटकरीच येतो, काठाशी तर जांभळट डाग. बादलीच्या तळाशी तांबूस गाळ बसतो, म्हणजे लोहच असणार. पागोळ्यांचं पाणी वापरून पाहिलं, डाग गेले, पण लाल फिका, गुलाबीकडे झुकलेला. मंजिष्ठाला थोडा चुना लागतो म्हणतात. मग पावसाच्या पाण्यात चिमूटभर खडूची पूड घालावी का? किती? रेशमाची चकाकी जाईल, ही धास्ती आहे.

आणखी एक. या रंगवलेल्या रेशमावर ॲक्रिलिकने फुलं काढली तर कापड पुठ्ठ्यासारखं होतं. आम्लरंगाने (आम्लाच्या मदतीने रेशमावर बसणारा रासायनिक रंग) रंगवून वाफ दिली, तर खालचा लाल हलेल का? कुणी केलंय?