मदत हवी आहे: बांदा बेटांच्या जहाज-सफरीचे पैसे शुक्रवारपर्यंत भरावेत का?

दर्यावेडी
नमस्कार. इंडोनेशियाच्या मालुकू प्रांतातील बांदा बेटांची (सिंधुदुर्गातले बांदा नव्हे) अकरा रात्रींची सफर आम्ही उभयतांनी जवळजवळ नक्की केली आहे. जहाज अंबोनहून निघते, बांदा बेटांमध्ये चार दिवस फिरते आणि सोरोंगला प्रवास संपतो. दोन डोलकाठ्यांचे लाकडी पिनिसी जहाज आहे, सात खोल्या आहेत, रोज तीन ते चार डाइव्ह आणि संध्याकाळी बेटांवर फेरफटका असा कार्यक्रम आहे. निम्मी रक्कम शुक्रवारपर्यंत भरली नाही, तर शेवटची खोली दुसऱ्या कोणाला देतील असे त्यांनी कळवले आहे.

माहितीपत्रक मी तीनदा वाचले आहे, त्यामुळे सर्वसाधारण माहिती नको. ज्यांनी ही सफर केली आहे त्यांनी एवढेच सांगावे, की रक्कम मोठी आहे, ती भरावी की नाही?

हा प्रवास मला फार जवळचा आहे. रत्नागिरीजवळ आजोळच्या नारळाच्या बागेत जायफळाची चार झाडे होती. फळ उकलले की आत काळपट तपकिरी बी आणि तिला बिलगलेली लालभडक जायपत्री दिसायची. आजी ती बोटांनी अलगद सोडवून पडवीत सुपात वाळत घालायची आणि आठवड्याभरात तो लाल रंग केशरी-पिवळा होऊन जायचा. हे झाड मूळचे जिथले, ती बेटे एकदा पाहायची आहेत.

खोलपाणी
भरावी की नाही हे सांगण्याइतकी माहिती आपण दिलेली नाही. सफर कोणत्या महिन्यात आहे? आपल्या दोघांकडे डायव्हिंगचे कोणते प्रमाणपत्र आहे, प्रत्येकाचे आजवर किती डाइव्ह झाले आणि शेवटचा कधी झाला? रद्द केल्यास किती रक्कम परत मिळते?

महिना मी उगाच विचारत नाही. जून ते ऑगस्टमध्ये आग्नेयेचे वारे जोरात असतात, डिसेंबर ते फेब्रुवारीत पश्चिमेचे. या दोन मोसमांच्या मधल्या काळात, म्हणजे साधारण मार्च-एप्रिलमध्ये आणि सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत, बांदाचा समुद्र शांत असतो. बहुतेक जहाजे तेव्हाच तिथून जातात, कारण त्याच सुमारास ती कोमोडोकडून राजा अम्पातकडे (इंडोनेशियातलीच डायव्हिंगची दुसरी दोन ठिकाणे) किंवा उलट निघालेली असतात.

जुनेनकाशे
माझे मत स्पष्ट आहे: जहाजाचे पैसे भरू नका. अंबोनहून बांदा नैरा, म्हणजे या बेटांतले मुख्य गावाचे बेट, सुमारे २०० किलोमीटरवर आहे. वेगवान बोट किंवा सरकारी प्रवासी जहाज धरून जा, गावात एखाद्या घरगुती अतिथिगृहात आठ दिवस राहा आणि बेटे पायी पाहा. मी तसेच राहिलो होतो आणि खर्च जहाजाच्या पासंगालाही पुरला नसता.

जहाजावरची मंडळी नैराच्या बेलजिका किल्ल्यावर सूर्यास्ताला तासभर येतात, छायाचित्रे काढतात आणि जेवायला परततात. त्या किल्ल्याखालीच नासाऊ किल्ल्याचे अवशेष आहेत, तिथे ती थांबतही नाहीत. डच ईस्ट इंडिया कंपनीने नासाऊ १६०९ मध्ये उभारायला घेतला. १६२१ मध्ये कंपनीचा गव्हर्नर-जनरल यान पीटरझोन कून याने बेटे जिंकली, तेव्हा चव्वेचाळीस स्थानिक प्रमुखांना याच किल्ल्याशी जपानी भाडोत्री सैनिकांकरवी ठार मारण्यात आले. सुमारे १५,००० लोकवस्तीपैकी जेमतेम हजारभर माणसे बेटांवर उरली, असा अंदाज इतिहासकार देतात. बाकीची मारली गेली, उपासमारीने गेली, पळाली किंवा गुलाम म्हणून नेली गेली. मग जायफळाच्या बागांचे ६८ तुकडे पाडून ते डच बागायतदारांना दिले आणि मजुरीला बाहेरून गुलाम आणले. ज्या झाडासाठी आपण एवढ्या लांब जाणार आहात त्याच्या मुळाशी हे सगळे आहे, आणि ते समजायला गावात राहावेच लागते.

दर्यावेडी
इतिहास मला ठाऊक आहे आणि त्याचसाठी जायचे आहे, पण प्रश्न जहाजाचा आहे. महिना ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा. प्रमाणपत्रे दोघांकडेही आहेत, त्यामुळे तो मुद्दा सोडून द्यावा. शुक्रवारला तीनच दिवस उरले आहेत.

खोलपाणी
तो मुद्दा सोडता येणार नाही, बाकी सगळे त्यावरच ठरणार आहे. प्रमाणपत्रावर नेमके काय लिहिले आहे? मालवण-तारकर्लीला किंवा गोव्याला प्रशिक्षक पाठीमागून टाकी धरून आपल्याला पाण्यात फिरवून आणतो आणि वर आल्यावर एक कागद देतो. तो सहभागाचा दाखला असतो, परवाना नव्हे. त्यावर कोणतेही जबाबदार जहाज आपल्याला बांदा समुद्रात उतरवणार नाही.

महिना मात्र आपण अगदी योग्य निवडला आहे. हातोडी शार्कचे कळप दिसण्याचा तोच काळ. पण ते दिसतात ते खडकापासून दूर, खाली तळ दिसत नाही अशा निळ्या पाण्यात, बहुधा तीस मीटरच्या आसपास, आणि तिथे प्रवाहाची ओढ असते. नजर टेकवायला काही नसले की आपण खाली चाललो आहोत की वर, हे नवख्या माणसाला हातातल्या, खोली दाखवणाऱ्या डाइव्ह-संगणकावरचा आकडा पाहिल्याशिवाय कळत नाही.

शिडाचीदोरी
जुनेनकाशे यांचे म्हणणे मला मुळीच पटलेले नाही. नैरा गावात राहून रुन, आय आणि हट्टा ही बेटे पाहायची, तर रोज लहान होडी ठरवावी लागते, आणि वारा सुटला की ती निघतच नाही. माझे पाचपैकी दोन दिवस असे धक्क्यावर बसून गेले. जहाज रात्री चालते आणि सकाळी आपण बेटासमोर असतो.

जहाजाने गेल्यास इतिहास निसटतो असेही नाही. रुन बेट लांबीला जेमतेम तीन किलोमीटर. १६१६ पासून नॅथॅनिएल कोर्टहोप हा इंग्रज मूठभर माणसांनिशी ते धरून बसला होता आणि १६२० मध्ये मारला गेला. पुढे १६६७ च्या ब्रेडा तहात रुन डचांकडे आणि मॅनहॅटन इंग्रजांकडे राहिले. हे बेट मी प्रथम पाहिले ते पहाटे जहाजाच्या नाळेवर उभे राहून. मागे झाडी, पुढे पत्र्याच्या छपरांची एक ओळ आणि उन्हाला पसरलेल्या मसाल्याचा वास.

पिनिसीबद्दल आणखी एक. ही जहाजे दक्षिण सुलावेसीच्या किनाऱ्यावर वाळूतच बांधतात. आधी बाहेरच्या फळ्या लाकडी खुंट्यांनी जोडतात आणि आतली वाकणे, म्हणजे सांगाड्याच्या फासळ्या, नंतर बसवतात. ही कला २०१७ मध्ये युनेस्कोच्या यादीत आली. आता मात्र बहुतेक प्रवास इंजिनावरच होतो. ‘शिडाची सफर’ अशी जाहिरात असेल, तर शिडे किती तास उभारतात ते विचारून घ्या.

जुनेनकाशे
होडी न मिळाल्याने वाया गेलेले दिवस मी वाया गेले असे म्हणणार नाही. इंडोनेशियाच्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते मोहम्मद हट्टा आणि सुतान शाहरीर यांना डचांनी १९३६ ते १९४२ या काळात नैरालाच स्थानबद्ध ठेवले होते, आणि त्यांची घरे तिथे आजही पाहता येतात. पण रुन, आय पाहायचे तर जहाज सोयीचे, हे मान्य करतो.

बेटांवरून
मी आंदमानात राहतो. एवढे पैसे खर्च करण्याआधी स्वराज द्वीपला (पूर्वीचे हॅवलॉक) या. इथे व्हिसा नको, प्रशिक्षक हिंदीत बोलतात, आणि ज्वालामुखीच पाहायचा असेल तर बॅरन बेट आहे. इंडोनेशियाला जाण्याची गरजच काय?

दर्यावेडी
आंदमान आमचे पाहून झाले आहे, दोन वर्षांपूर्वी. तिथे जायफळाचा हा इतिहास नाही. कृपया बांदाबद्दल सांगावे.

खोलपाणी
आंदमान दोन वर्षांपूर्वी, हे आता कळले. तिथे आपण काय केले होते?

पडाव
एक व्यावहारिक अनुभव सांगते. आम्ही अशाच सफरीला निघालो आणि अंबोनचे विमान ऐनवेळी रद्द झाले. आम्ही दुसऱ्या दिवशी पोहोचलो तेव्हा जहाज निघून गेले होते. पूर्ण पैसे गेले, कारण वेळेवर बंदरात पोहोचण्याची जबाबदारी आमची, असे करारात लिहिलेले होते आणि आम्ही ते वाचले नव्हते. त्यामुळे अंबोनला किमान दोन दिवस आधी पोहोचा. ते दिवस फुकट जात नाहीत. अंबोनच्या उपसागराचा चिखलाळ तळ चित्रविचित्र लहान जीवांसाठी प्रसिद्ध आहे. लाटांसारख्या पट्ट्यांचा बेडूकमासा २००९ मध्ये नवी जाती म्हणून नोंदवला गेला, तो तिथलाच.

परतताना शेवटचा डाइव्ह आणि विमान यांत किमान अठरा तास हवेत. आम्ही पूर्ण दिवस ठेवतो. विम्यात डायव्हिंगचा स्पष्ट उल्लेख असावा आणि रीकंप्रेशन चेंबर (डाइव्हनंतर दाबातल्या बदलाने होणाऱ्या त्रासावर उपचार करण्याची बंद खोली) किती तासांवर आहे, हे जहाजाला आधी विचारावे.

बोट लागत असेल तर त्याची गोळी तिथे पहिल्यांदा घेऊ नका. काही गोळ्यांनी गुंगी येते आणि त्या अवस्थेत पाण्यात उतरणे धोक्याचे. डॉक्टरांना विचारून घरी असतानाच घेऊन पाहा.

माडाचीबाग
ताई, आपल्या आजोळची झाडे अजून आहेत का? जायफळात नर आणि मादी झाडे वेगळी असतात. बियांपासून लावलेले झाड नर की मादी हे फुलोरा येईपर्यंत, म्हणजे काही वर्षे, कळत नाही. म्हणून आता कलमे लावतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या ‘कोकण सुगंधा’ आणि ‘कोकण स्वाद’ या जाती नारळाच्या सावलीत चांगल्या येतात. बांदात ही सावली कनारीच्या उंच झाडांची असते.

तिथून ताजी बी किंवा रोप मात्र आणू नका. परवान्याशिवाय असे आणायला मनाई आहे आणि नवा रोग आपल्या बागांत शिरण्याची भीती असते. फळाच्या गराची साखरेत मुरवलेली फोड तिथे मिळते, ती खाऊन पाहा. आपण गराचे लोणचे घालतो, ते लोक गोड करतात.

दर्यावेडी
माडाचीबाग, दोन झाडे अजून आहेत. आभार. लोणच्याच्या आठवणीने डोळ्यांत पाणी आले.

खोलपाणी, आपण तीनदा विचारले आणि मी टाळले, त्याबद्दल क्षमस्व. माझ्याकडे ओपन वॉटर, म्हणजे पहिल्या पायरीचे, प्रमाणपत्र आहे. ते आंदमानला घेतले, एकूण अकरा डाइव्ह झाले आणि त्यानंतर मी पाण्यात उतरलेले नाही. यजमानांकडे तारकर्लीचा कागद आहे. काल रात्री जहाजाला हे लिहून विचारले. उत्तर असे आले, की या सफरीसाठी त्यापुढचे अ‍ॅडव्हान्स्ड प्रमाणपत्र आणि किमान पन्नास डाइव्ह लागतात. ही अट अर्जाच्या चौथ्या पानावर होती.

खोलपाणी
क्षमा कशाला, वेळेवर कळले हे चांगले झाले. माझे म्हणणे असे, की या ऑक्टोबरचे पैसे भरू नका, पण बांदा सोडूही नका. आधी अ‍ॅडव्हान्स्डचे शिक्षण घ्या आणि वीसेक डाइव्ह तरी करा. मग मार्च-एप्रिलमधली, अंबोनहून निघून अंबोनलाच परतणारी एखादी लहान सफर शोधा, जिची अट आपल्या अनुभवात बसते. हातोडी शार्कचा तो मुख्य काळ नव्हे, पण आपण शार्कसाठी निघालेल्या नाहीत.

यजमान स्नॉर्केलिंग करूनही, म्हणजे नळीने श्वास घेत पृष्ठभागावर तरंगूनही, पुष्कळ पाहतील. १९८८ मध्ये गुनुंग आपी ज्वालामुखीचा लाव्हा समुद्रात उतरला आणि त्याने तिथला तळ पार जाळला. त्याच लाव्ह्यावर पुढच्या काही वर्षांत प्रवाळ इतक्या दाटीने वाढले, की शास्त्रज्ञही चकित झाले. एकावर एक मेजे रचावीत तसे ते दिसतात, आणि त्यांतले बरेचसे पृष्ठभागावरून स्पष्ट दिसतात. हट्टा बेटाशीही प्रवाळाचा काठ उथळ पाण्यातच सुरू होतो. तुम्हाला संध्याकाळी नैराच्या धक्क्याखाली उथळ पाण्यात निळ्या-केशरी नक्षीचे मँडरिन मासे पाहता येतील. त्यासाठी पन्नास डाइव्ह लागत नाहीत.

शिडाचीदोरी
याला माझे पूर्ण अनुमोदन. व्हिसाची चिंता नको, भारतीय पारपत्रावर तो तिथे पोहोचल्यावर तीस दिवसांसाठी मिळतो. पारपत्राची मुदत मात्र सहा महिने शिल्लक असावी.

जुनेनकाशे
सफर अंबोनला परतणारी असेल, तर जहाज सोडल्यावर वेगवान बोटीने पुन्हा नैराला जाऊन तीन रात्री गावात राहा. बोट रोज नसते, त्यामुळे वार पाहून आखणी करा.

दर्यावेडी
आज जहाजाशी बोलणे झाले. ऑक्टोबरची खोली आम्ही सोडली. एप्रिलमध्ये त्यांची सात रात्रींची अंबोन ते अंबोन सफर आहे. तिला तीस डाइव्हची अट आहे आणि स्नॉर्केलिंग करणाऱ्यांनाही घेतात. इसार थोडाच आहे आणि भरण्याची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे. डिसेंबरमध्ये स्वराज द्वीपला अ‍ॅडव्हान्स्डसाठी नाव घातले. बेटांवरून, तिथल्या चांगल्या प्रशिक्षकाबद्दल आपल्याला व्यक्तिगत निरोप पाठवते.

खोलपाणी
उत्तम. इसार भरण्याआधी एक गोष्ट लेखी घ्या: स्नॉर्केलिंगसाठी वेगळी डिंगी (लहान होडी) आणि पाण्यात सोबत राहणारा वेगळा माणूस असतो का? काही जहाजांवर एकच डिंगी डायव्हर्सच्या बुडबुड्यांमागे जाते आणि वर पोहणारा माणूस मागे राहतो.

दर्यावेडी
आत्ताच विचारले आहे. उत्तर आले की इथे लिहिते.